सामाईक भिंत

आपल्या घरची ओल शेजाऱ्याच्या घरी गेली, तर ती आपली राहते की त्याची होते? हा प्रश्न आम्हांला एका भिंतीने घातला.

सरकारी निवासस्थानाच्या यादीत आमचा क्रमांक दूर असल्याने जुन्या दिल्लीत, सीताराम बाजारानजीक, एका हवेलीतील दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या आहेत. भिंती लखौरी विटांच्या, म्हणजे पातळ, चपट्या. सांध्यांत व गिलाव्यात चुना आणि सुरखी. एक भिंत शेजारच्या वृद्ध माताजींशी सामाईक. तिला कमरेपर्यंत ओल होती, पोपडे सुटत. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी आम्ही गवंड्याला बजावले, ‘पुन्हा पाहायला नको, असे करा.’ त्याने चुना खरवडून सिमेंट थापले. एखादे प्रकरण दुसऱ्या विभागाकडे रवाना करून निकालात काढल्यावर कचेरीत जो आनंद होतो, तोच आम्हांला झाला.

गेल्या हिवाळ्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रीने आमचे डोळे उघडले. चुना सच्छिद्र असतो. जमिनीतून चढलेली ओल त्यातून हवेत निघून जाते. सिमेंट ती वाट अडवते. मग ओल वर चढते अथवा पलीकडे वळते, आणि जाता जाता विटेत क्षार ठेवून तिचा भुगा करते. दुरुस्ती मूळ भिंतीहून मऊ असावी. झिजायचेच तर तिने झिजावे, विटेने नव्हे. हुमायूनच्या कबरीच्या छतावरही विसाव्या शतकात असेच काँक्रीट चढविले गेले होते. २००७ ते २०१३ या काळातील जीर्णोद्धारात ते सुमारे १० लाख किलो उतरवून पुन्हा चुना वापरावा लागला. ते ओतणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. फाइलीवर ‘काम समाधानकारक’ असा शेराही पडला असेल!

कोकणात आमच्या आजोळी कुडाच्या भिंती होत्या. कारवीच्या काठ्या बांधून वर शेणमाती लिंपलेली. पावसाळा सरला की आजी जिथे माती पडली असेल तिथे ओला हात फिरवी. भिंत एकदाची कायमची करून टाकावी, असे तिच्या मनात कधी आले नाही. आमच्या मनात आले, कारण आम्हांला भिंत टिकवायची नव्हती, तिच्यापासून सुटायचे होते.

अजाणता घडले, ही सबब त्या हिवाळ्यापर्यंत खरी होती. पुढे? माताजींच्या बाजूला लोणा फुटला होता. आपलाच नळ गळतो अशा समजुतीने त्यांनी तो दोनदा बदलविला. दुसऱ्या खेपेस, ऐन पावसाळ्यात, प्लंबर आम्हीच बोलावून आणला. लोकांनी आमचा शेजारधर्म वाखाणला आणि आम्ही तो वाखाणू दिला.

दिवाळीपूर्वी आम्ही त्यांना सारे सांगितले. त्यांनी थोडा वेळ भिंतीकडे पाहिले आणि विचारले, ‘बेटा, प्लंबर आणलास तेव्हा तुला ठाऊक होते?’ आम्ही होय म्हटले.

आता सिमेंट उतरविणे चालू आहे. त्याबरोबर विटांचे टवकेही निघतात. मिस्त्री म्हणतो, त्याला इलाज नाही. अंगणातल्या हौदात चुना मुरतो आहे. माताजी अद्याप आमच्याशी बोलत नाहीत. मिस्त्रीला मात्र दुपारी चहा पाठवितात.