मराठी सोडण्याची सवलत

विरारच्या पश्चिमेला, आगाशी-अर्नाळ्याच्या वाटेवर बोळिंज हे जुनं गाव आहे. आजूबाजूला नंदाखाल, उमराळे, गास. या पट्ट्यातल्या घरांत वाडवळी, कादोडी, आगरी अजून बोलली जाते. याच गावाच्या शिवारात म्हाडाने सुमारे दहा हजार घरांची वसाहत उभारली. पाण्याच्या तक्रारींमुळे ती घरं बराच काळ गिऱ्हाइकाची वाट पाहत राहिली, मग हळूहळू भरत गेली. आता इथल्या एखाद्या वर्गात वाडीवाल्याचा मुलगा, परळ-लालबागेतून सरकत सरकत विरारला पोचलेल्या घरातली मुलगी आणि उत्तर प्रदेशातून आलेल्या सुताराचा मुलगा एकाच बाकावर बसू शकतात. तिघांच्याही घरची बोली पुस्तकातली नाही. त्यांच्यापैकी एकाला चौथीतही अक्षरं जुळवता येत नसतील, तर दोष कशाचा? घरची भाषा वेगळी म्हणून, शिकवणं कच्चं राहिलं म्हणून, की त्याचा मेंदू ध्वनी आणि अक्षर यांची सांगड सावकाश घालतो म्हणून? बाई पहिली दोन कारणं धरून चालतात आणि तिसऱ्याला ‘लक्ष नाही’ असं नाव देतात.

तिसऱ्या कारणाला पालकांच्या तोंडी ‘एलडी’, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणतात. एलडीचं सर्टिफिकेट म्हणजे वसई-विरारच्या आईबापांसाठी वर्षानुवर्षं मुंबईची वारी होती: शीवचं टिळक रुग्णालय, केईएम किंवा नायर. पोराची शाळा आणि स्वतःचा खाडा, दोन्ही सोसून सकाळची विरार लोकल पकडायची. डोळे-कान तपासून घ्यायचे, बुद्ध्यांकाची चाचणी द्यायची, मग वाचन-लेखनाची, आणि प्रत्येकीची तारीख वेगळी. तरीही श्रेय द्यायला हवं. अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने १९९६मध्ये घेतला. देशाच्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश व्हायला २०१६ उजाडलं. ‘तारे जमीं पर’ हा डिस्लेक्सियावरचा चित्रपटसुद्धा २००७चा.

या सवलती काय होत्या, ते नीट पाहण्यासारखं आहे. जादा वेळ, रायटर, कॅल्क्युलेटर, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा. या चार सवलती मुलाला विषयाजवळ नेतात. पण पुढच्या दोन आहेत बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित आणि दुसरी किंवा तिसरी भाषा सोडून त्या जागी कार्यानुभवाचा विषय. या दोन सवलती मुलाला विषयातून बाहेर काढतात. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सोडायच्या भाषेची निवड आली की पाळी बहुतेकदा मराठीवर येते, कारण इंग्रजी सोडता येत नाही. २०२०मध्ये राज्याने कायदा करून सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, २०२४मध्ये तिला अभिजात दर्जा मिळाला, सत्कार झाले. ज्या मुलाला मराठी वाचणं सर्वांत जड जातं, त्याच्यासाठी मात्र आपली सर्वांत मोठी मदत आजही ‘सोडून दे’ हीच आहे.

ही सवलत उद्यापासून बंद करा, असं मी म्हणत नाही. ज्या काळात दुसरा इलाज नव्हता, त्या काळात तिने असंख्य मुलांना दहावीच्या पलीकडे नेलं. पण आता इलाज आहे, तोही बहुतेक घरांत, आईच्या पर्समध्ये.

१८९६च्या नोव्हेंबरात प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टराने ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. मुलगा हुशार, खेळात तरबेज, पण छापील शब्द त्याला परके. त्याच्या मास्तरांचं मत डॉक्टरने नोंदवून ठेवलं आहे: सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत चुणचुणीत मुलगा ठरला असता. वाचन-अक्षमतेवरच्या पहिल्या टिपणांपैकी हे एक, आणि त्यातच त्या मास्तरांनी पुढच्या सव्वाशे वर्षांच्या यंत्रांची मागणी नोंदवून टाकली. छापील पान मोठ्याने वाचून दाखवणारं कुर्झवाइल या अमेरिकी संशोधकाचं यंत्र १९७६मध्ये आलं. ते टेबलाएवढं होतं, अंधांसाठी होतं आणि सामान्य घराच्या आवाक्याबाहेरचं होतं. आज तेच काम साधा मोबाइल करतो. पानाचा फोटो काढा, आवाजाचं बटण दाबा.

मजकूर ऐकवल्याने डिस्लेक्सिक मुलांचं आकलन सुधारतं, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१८मध्ये दाखवलं गेलं आहे. सुधारणा आहे, पण माफक आहे. ‘ॲप घ्या, मूल वाचू लागेल’ अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. ऐकण्याचं खरं मोल मला वेगळ्या जागी दिसतं. ज्याला वाचता येत नाही त्याच्या कानावर पुस्तकी शब्द पडत नाहीत. शब्द नाहीत म्हणून पुढच्या इयत्तेचं पान आणखी कठीण, आणि ते कठीण म्हणून तो त्यापासून आणखी लांब. इतिहासाचा धडा कानाने ऐकणारा मुलगा निदान शिवकाल, महसूल, सनद हे शब्द बरोबर घेऊन पुढच्या वर्गात जातो.

अडचण अशी की ही साधनं इंग्रजीचं माप घेऊन शिवलेली आहेत. डिस्लेक्सियासाठी खास म्हणून जे टंक गाजले, ते रोमन लिपीचे. त्यांचा फायदा चाचण्यांत फारसा टिकलाही नाही. जो दिसला तो अक्षरांतल्या मोकळ्या जागेचा होता. २०१२मध्ये इटालियन आणि फ्रेंच मुलांवरच्या प्रयोगात अक्षरांमधलं अंतर वाढवल्यावर वाचन सुधारलं. आता हाच उपाय देवनागरीला लावा. अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. आपल्याकडे शब्दाला शब्द ठेवणारी तीच रेघ आहे. मग देवनागरीत मोकळीक कुठे द्यायची? शब्दांमध्ये, ओळींमध्ये, की वर-खाली लटकणाऱ्या मात्रा-उकारांना? या प्रश्नाचं उत्तर इटलीत मिळणार नाही, ते इथेच शोधावं लागेल.

लिपीचे आपले पेच वेगळेच आहेत. कन्नडच्या अक्षरमालेवर सोनाली नाग यांनी केलेल्या कामात दिसलं, की इंग्रजीची सव्वीस अक्षरं मुलं लवकर उरकतात, पण आपल्यासारख्या लिप्यांचा पूर्ण अक्षरसंच अंगवळणी पडायला चौथी-पाचवी येते. मराठीत पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी बसते आणि उच्चारात नंतर येते. ‘कि’ लिहिताना कान म्हणतो आधी क, डोळा म्हणतो आधी वेलांटी. ‘र’चं तर विचारूच नका. सूर्य, क्रम, राष्ट्र, वाऱ्यावर: एकच ध्वनी कधी डोक्यावर, कधी पायाशी, कधी पोटात, कधी अर्ध्या चंद्रासारखा. ध्वनी-अक्षराची सांगडच ज्याची ढिली, त्याला हे जागा बदलणं छळतं.

इथे कळफलक खरोखर कामाला येतो. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर दिसेल त्या क्रमाने ठोकावं लागे, वेलांटी आधी. १९८६मध्ये प्रमाण ठरलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकाने तो क्रम उलटवला: आधी क, मग वेलांटी, ऐकू येईल तसं. वेलांटीला तिच्या जागी नेऊन बसवायचं काम यंत्राचं. पवईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राने ‘स्वरचक्र’ काढलं, त्यात व्यंजनावर बोट ठेवलं की भोवती त्याची बाराखडी उमलते. ही साधनं डिस्लेक्सियासाठी बनवलेली नव्हती. पण हाताने लिहिताना जिथे मूल अडतं, नेमका तोच अडथळा ती काढून टाकतात, आणि मराठी वर्गात मी हे कुणी वापरल्याचं अजून ऐकलेलं नाही.

शुद्धलेखनाची कथा आणखी वेगळी. १९६२चे चौदा नियम, १९७२ची चारांची भर, आणि त्यात शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहा, उच्चार कसाही असो. कानावर विसंबणाऱ्या मुलाला इथे कानच दगा देतो. संगणकावर मराठीची शुद्धलेखन तपासणी आहे. स्वयंसेवकांनी फुकट शब्दयाद्या करून ठेवल्या आहेत. पण ‘शाळा’ची शाळेत, शाळेला, शाळेतल्यांनाही अशी रूपं वाढत जातात आणि यादी अपुरी पडते. त्यात जुनी छपाई. युनिकोडपूर्व टंकांत जुळवलेली कित्येक मराठी पुस्तकं पडद्यावर सुरेख दिसतात, पण यंत्राला वाचायला दिली की गडबडगुंडा ऐकू येतो. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने दिव्यांग वाचकांसाठी सुलभ प्रती करायची मोकळीक दिली, अंध व इतर मुद्रण-अक्षम वाचकांसाठीचा मराकेश करार मान्य करणारा भारत पहिला देश ठरला, २०१६मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे सुलभ प्रतींचं ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. कायदा तयार आहे, मराठी मजकूर तयार नाही.

आणि बोलून लिहिणं? नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. या पट्ट्यातल्या माणसाला बोलीतून ग्रंथभाषेत जायला कुणी अडवलेलं नाही. पण फोनचा कान प्रमाण मराठीवर तयार झालेला आहे. वाडवळी वळणाने बोललेलं वाक्य तो भलत्याच शब्दांत उतरवतो, आणि ज्याला स्वतःचं लिखाण वाचून तपासता येत नाही, त्याला ती चूक दिसणार कशी? निदान लिहिलेलं परत ऐकवायची सोय त्याच पडद्यावर हवी.

‘सवय लागेल, मग वाचायला शिकणारच नाही,’ ही शिक्षकांची भीती अगदीच पोकळ नाही. दुसरी-तिसरीतल्या मुलाला ध्वनी, अक्षर, जोडाक्षर अशा क्रमाने, चिकाटीने शिकवण्याला पर्याय नाही. आधी तेच द्यायला हवं. पण ते शिकवणारा विशेष शिक्षक जिथे पोचत नाही, तिथे यंत्र नाकारून आपण काय राखतो? वसई-विरार महापालिका २००९मध्ये झाली, तरी इथल्या प्राथमिक शाळा पुढे कित्येक वर्षं जिल्हा परिषदेकडेच राहिल्या. असल्या दुहेरी कारभारात एलडीचा पोर कोणाच्या टेबलावरचा कागद, हेच ठरत नाही. वाट पाहताना त्याच्या हाती मोबाइल आणि कानात धडा असायला हरकत कशाची?

परीक्षेसाठी तर केंद्राने २०१८मध्येच मार्गदर्शक सूत्रं घालून दिली होती: तासाला किमान वीस मिनिटं जादा, आणि लेखनिकाबरोबरच संगणकाचाही पर्याय, परीक्षेआधी तो तपासून पाहण्याच्या मुभेसह. त्या सूत्रांनुसार स्वतःचा लेखनिक आणायचा तर तो एक पायरी खालच्या इयत्तेचा हवा होता. म्हणजे दहावीच्या मुलासाठी नववीतला रायटर, मार्चमध्ये, त्याचीही परीक्षा तोंडावर असताना. त्याचे पालक तयार होत नाहीत, म्हणून या मुलाची आई इमारतीतले दरवाजे ठोठावत फिरते. शाळेच्या संगणक-खोलीत मराठी कळफलक सुरू करून तिथे त्याला नववीपासून बसवायला सर्टिफिकेटही लागत नाही, रायटरही नाही. मुख्याध्यापकांनी किल्ली द्यायला हवी.