इकडे ये, मारत नाही

रविवारी सकाळी सहाला देवपुरातल्या एका मोकळ्या प्लॉटवर आठ-दहा माणसं आणि तितकेच कुत्रे जमतात. आम्ही याला क्लब म्हणतो. म्हणतो एवढंच. बोर्ड नाही, पावती नाही, अध्यक्ष तर नाहीच नाही. लॉकडाउनमध्ये घराघरांत पिल्लं आली, वर्षभरात मोठी झाली, सोफे फाडायला आणि दूधवाल्यावर धावून जायला लागली. आमच्या गल्लीत पोलिसांच्या श्वान पथकातून निवृत्त झालेले एक काका राहतात. आधी दोघे जण आपापला कुत्रा घेऊन त्यांच्याकडे गेले, मग तिसरा गेला. क्लबचा इतिहास इथे संपतो.

शिकवलं जातं तेही थोडंच. बस. थांब. सोड. सोबत चाल. ये. यातला 'ये' सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात अवघड असतो. सुरुवातीला कुत्रा दोन पावलांवर असतानाच बोलवायचं. आला की लगेच, त्याच क्षणी, खिशातला कळण्याच्या भाकरीचा तुकडा द्यायचा. मग लांब दोरी लावून अंतर वाढवायचं. मग आजूबाजूला दुसरे कुत्रे, पोरं, सायकली असताना बोलवायचं. शब्द एकदाच उच्चारायचा. दहा वेळा ओरडलं तर कुत्रा एवढंच शिकतो की पहिले नऊ 'ये' ऐकले नाहीत तरी चालतं.

आणि एक नियम, जो काका पहिल्याच दिवशी सांगतात: बोलावून शिक्षा करायची नाही. कुत्र्याने काहीही केलेलं असो, तो तुमच्या हाकेला आला असेल तर त्याला मारायचं नाही.

मी क्लबमध्ये पोचलो तेव्हा माझ्यासाठी या नियमाला उशीर झाला होता.

शेरू माझा कुत्रा. गावठी, पिवळसर, एक कान उभा, एक पडलेला. सात-आठ महिन्यांचा असताना त्याने वडिलांची नवी चप्पल चावून टाकली. मी अंगणातून गोड आवाजात हाक मारली, "शेरू, ये." तो शेपूट हलवत आला. त्याच चपलेने मी त्याला मारलं. नंतरही दोन-तीनदा असंच झालं. कधी बोलावून मार, कधी बोलावून साखळी. मला वाटत होतं मी त्याला चपला न चावायला शिकवतोय. तो वेगळंच काहीतरी शिकत होता.

काही महिन्यांनी आग्रा रोडवर संध्याकाळच्या गर्दीत साखळीचा हूक निसटला. शेरू रस्ता ओलांडून पलीकडे गेला. मी हाक मारली, "शेरू, ये!" तो निघाला, अर्ध्या रस्त्यात आला आणि थांबला. माझ्याकडे पाहत राहिला. त्या नजरेत मस्ती नव्हती, हिशेब होता. हा बोलावतोय, पण कशासाठी? तेवढ्यात मोटारसायकल आली.

मागच्या पायात सळई टाकावी लागली. तो अजून लंगडतो.

काकांकडे गेलो तेव्हा त्यांनी पायाबद्दल नंतर विचारलं. आधी विचारलं, "याला कधी बोलावून मारलं होतं का?" मी सगळं सांगितलं. ते अहिराणीत एवढंच म्हणाले, "कुत्रं चुकनं नही. तू चुकना."

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. आज्ञा नेमकी कोणावर बंधनकारक असते? आपण धरून चालतो की ऐकणाऱ्यावर. म्हणून लोक विचारतात, "तुमचा कुत्रा ऐकतो का?" शाळेत विचारतात, "मुलगा ऐकतो का?" पण 'ये' या एका अक्षरात दोन गोष्टी असतात. एक उघड: इकडे ये. दुसरी न बोललेली: इथे आल्यावर तुला धोका नाही. पहिली आज्ञा आहे, दुसरी वचन. मराठीत 'शब्द' ऐकताही येतो आणि देताही येतो. समोरच्याने आपला शब्द ऐकला की नाही हे आपण काटेकोर तपासतो. आपण दिलेला शब्द पाळला का, हे तपासायचं काम कोणाकडेच नसतं.

तुमच्यापैकी किती जणांनी लहानपणी हे वाक्य ऐकलंय: "इकडे ये, मारत नाही"? मी ऐकलंय. पलंगाखाली लपलेलो असायचो, वडील शांत आवाजात हे म्हणायचे, मी बाहेर यायचो आणि मार खायचो. माराचं आता काही वाटत नाही. पण 'मारत नाही' या शब्दांचं जे झालं, ते राहिलं. आजही कोणी फार प्रेमाने बोलावलं की मी आधी अर्ध्या रस्त्यात थांबतो. शेरूची ती नजर मी लगेच ओळखली, कारण ती माझीच होती.

महाभारताच्या आदिपर्वात एक कुत्र्याचं पिल्लू येतं. जनमेजयाच्या यज्ञात ते शिरतं आणि राजाचे भाऊ त्याला मारून हाकलतात. ते रडत आईकडे, सरमेकडे जातं. ती विचारते, तू काही केलंस का? ते म्हणतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही, चाटलंही नाही. मग सरमा यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते. त्या राजपुत्रांकडे उत्तर नसतं. ती शाप देते: निरपराध्याला मारलंत, आता न दिसणारं भय तुमच्यावर येईल. युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा सगळ्यांना माहीत असतो. सुरुवातीचा हा मार खाल्लेला कुत्रा फारसा कोणाला आठवत नाही. सरमेचा शाप मला फार नेमका वाटतो. विनाकारण मारणाऱ्याच्या वाट्याला पुढे जे येतं, ते येताना दिसत नाही. माझ्या बाबतीत ते मोटारसायकलवरून आलं.

कोणी म्हणेल, कुत्र्याला कसलं वचन? धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्याच गीतेच्या पाचव्या अध्यायात, ज्यांच्याकडे समदृष्टीने पाहायचं त्यांच्या यादीत विद्वान ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्या ओळीत कुत्राही आहे. ऐकताना हे कोणालाही पटतं. चावलेली चप्पल हातात असताना पटणं वेगळं.

कुत्र्यांना शिकवण्याचा इतिहासही याच प्रश्नाभोवती फिरतो. जर्मनीत कॉनराड मोस्ट यांनी 1910 साली प्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं. ते पोलिसांचे कुत्रे तयार करत. त्यांच्या पद्धतीत सक्तीला मोठी जागा होती. पुढे कॅरन प्रायर या अमेरिकन बाईंनी 1984 साली 'डोन्ट शूट द डॉग' लिहिलं. त्या हे शिकल्या डॉल्फिनकडून. डॉल्फिनला पट्टा बांधता येत नाही आणि बोलावून मारताही येत नाही. तो सरळ पोहत दूर जातो. म्हणून शिट्टी आणि मासा, एवढ्यावरच शिकवावं लागतं. कुत्र्याचं दुर्दैव हे की तो पळून जात नाही. मार खाऊन पुन्हा आपल्याच पायाशी येतो, आणि आपल्याला वाटतं की पद्धत बरोबर आहे.

पण भाकरीचा तुकडा ही तरी काय, मऊ साखळीच ना? ही शंका मी काकांना विचारली. चांगली वागणूक केवळ 'काम करते' म्हणून द्यायची असेल, तर तो हिशेब झाला, नीती नाही. काकांनी उत्तर दिलं नाही, जंजीरची आठवण काढली. जंजीर हा मुंबई पोलिसांचा लॅब्राडोर. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने 3,329 किलो आरडीएक्स शोधून दिलं. नोव्हेंबर 2000 मध्ये तो गेला तेव्हा त्याला पोलिसांनी मानवंदना दिली. "असा कुत्रा वास लागला की भुंकत नाही," काका म्हणाले. "गपचूप बसतो. तो बसला की मोठे साहेबही थांबतात."

मला माझं उत्तर तिथे मिळालं. 'बस' आपण कुत्र्याला शिकवतो, पण एक वेळ अशी येते की कुत्रा बसतो आणि माणसांनी ऐकायचं असतं. अंध व्यक्तींना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांना तर आज्ञा मोडायलाही शिकवतात. मालक 'पुढे' म्हणाला आणि समोरून गाडी येत असेल, तर तो हलत नाही. आणि तेव्हा मालकाने त्याचं ऐकायचं असतं. म्हणजे साखळी आणि शिकवण यांतला फरक मऊपणात नाही. साखळीचं एकच टोक ओढतं. शिकवलेला शब्द दोन्ही टोकांनी ओढता आला पाहिजे. ज्याला कुत्र्याचं ऐकायचं नाही, त्याने कुत्र्याला ऐकायला शिकवू नये. पोरांच्या बाबतीतही मी हेच म्हणेन, पण मला अजून पोरं नाहीत, म्हणून जपून म्हणतो.

काकांनी सांगितलं, "तुझा 'ये' जळाला. तो आता दुरुस्त होणार नाही. नवा शब्द घे." मी 'आठे' घेतला. अहिराणीत आठे म्हणजे इथे. वडील मला 'इकडे ये' म्हणायचे, 'आठे' कधीच नाही. त्यामुळे हा शब्द आमच्या घरात कोरा होता.

दोन वर्षं झाली. 'आठे' म्हणून मी शेरूला कधी मारलं नाही, आंघोळ घातली नाही, साखळीही लावली नाही. साखळी लावायची असेल तर मीच उठून त्याच्याकडे जातो. बहुतेक वेळा तो लंगडत, पण धावत येतो. कधी कधी मात्र अर्ध्यात थांबतो, माझ्याकडे पाहतो, हिशेब करतो. आधी मला याचा राग यायचा. आता मी शब्द पुन्हा उच्चारत नाही. तिथेच उकिडवा बसतो आणि त्याचं ठरेपर्यंत वाट पाहतो.