आजचा श्लोक : गीता १८.२३

आजचा श्लोक सात्त्विक कर्माचा. वाट्याला आलेलं काम आसक्ती, आवड-नावड आणि फळाची अपेक्षा बाजूला ठेवून केलं, तर भगवंत त्याला सात्त्विक म्हणतात.

मला हा श्लोक वॉर्डात कळला. मागच्या महिन्यात माझं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. दुसऱ्या दिवशी टाक्यांपेक्षा उजवा खांदाच जास्त ठणकत होता. दिवसपाळीच्या सिस्टर "होतंच असं" म्हणून पुढे गेल्या. माझ्यासाठी निदान बायको विचारायला जात होती. शेजारच्या कॉटवरच्या आजोबांजवळ कुणीच नव्हतं. त्यांची सलाईन संपून बाटली तशीच लटकत होती.

रात्रपाळीच्या सिस्टरांनी आधी आजोबांची बाटली बदलली, हात सुजलाय का पाहिलं. मग मला म्हणाल्या, "ऑपरेशनला पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. उरलेल्या गॅसचा त्रास छातीखालच्या पडद्याला होतो आणि दुखतो खांदा. जाईल दोन-तीन दिवसांत." दुखणं तेवढंच राहिलं, पण भीती गेली.

दिवसपाळीला पेशंट जास्त होते, हे खरंच. त्या सिस्टरांबद्दल अढी धरली तर तो माझा द्वेष झाला. पण आजोबांच्या बाटलीचं मी डिस्चार्जच्या फॉर्मवर लिहिलं. गप्प बसणं म्हणजे समता नव्हे.

आज ऑफिसात बघा, ज्याच्यामागे फॉलोअप करणारं कुणी नाही असं एखादं तिकीट पडून आहे का? ते आधी उचला. आजची पूजा तीच.

राम कृष्ण हरी!