सहीवाचून वकीलपत्र

‘पालक’ हा शब्द आपल्या भाषेत मोठ्या आदराचा आहे. आईबापांना आपण पालक म्हणतो, ग्रामदेवतेला गावाची पालनकर्ती मानतो, आणि राजाचे पहिले कर्तव्य कोणते असे कोणी विचारले, तर प्रजापालन हेच उत्तर आपल्या तोंडी येते. ज्या शब्दाभोवती एवढी माया साठलेली आहे, त्याची उलटतपासणी पुष्कळांना रुचत नाही. परंतु वकिलीचा व्यवसाय पत्करलेल्याला ती टाळता येत नाही. सरकार हे प्रजेचे पालक आहे असे म्हटल्याने सरकारच्या पदरी नेमका कोणता अधिकार पडतो, आणि नागरिकाच्या हाती काय उरते? पुष्कळ ठिकाणी हा प्रश्न ग्रंथांतच राहतो. आमच्या भोपाळमध्ये तो लाखो माणसांच्या जन्ममरणाशी येऊन भिडला.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि पहाटेपर्यंत जुन्या शहराच्या वस्त्यांत प्रेतांच्या राशी पडल्या. त्या रात्रीचे वर्णन अनेकांनी केले आहे. ते येथे पुन्हा करीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय त्या वायूनंतर आलेला कायदा हा आहे. मार्च १९८५ मध्ये संसदेने भोपाळ वायुगळतीच्या दाव्यांसंबंधी एक अधिनियम केला. त्याच्या तिसऱ्या कलमाने प्रत्येक पीडिताच्या वतीने आणि त्याच्या जागी दावा चालवण्याचा, इतकेच नव्हे तर तडजोड करण्याचाही अधिकार केंद्र सरकारला दिला. आणि तो अनन्य, म्हणजे दुसऱ्या कोणालाही, खुद्द पीडितालाही, वगळून दिला.

या तरतुदीचा अर्थ साध्या व्यवहाराच्या भाषेत सांगता येतो. पक्षकार आपल्या वकिलाला वकीलपत्र लिहून देतो. त्यावर त्याची सही असते किंवा अंगठा असतो. वकिलावरचा विश्वास उडाला, तर तो ते काढून घेऊ शकतो. भोपाळच्या पीडितांचे वकीलपत्र त्यांच्या सहीवाचून लिहिले गेले आणि ते परत घेण्याची वाट ठेवली गेली नाही. ज्याला ऐपत असेल त्याने स्वतःच्या खर्चाने आपला वकील सरकारी वकिलाच्या जोडीला बसवावा, एवढी सवलत चौथ्या कलमात होती. एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. कायदा होण्यापूर्वी जे दावे परदेशातील न्यायालयांत दाखल झाले होते, त्यांत तेथील न्यायालयाने परवानगी दिली, तर सरकारने पीडिताच्या जागी किंवा त्याच्यासोबत उभे राहावे, असे तिसऱ्या कलमात म्हटले होते. म्हणजे परक्या देशातील न्यायालयात आपल्या माणसाच्या शेजारी उभे राहण्याची कल्पना कायदा करणाऱ्यांना सुचली होती. स्वदेशात मात्र त्याला बाजूस सारण्यात त्यांना वावगे वाटले नाही.

आता पूर्वपक्षाचे म्हणणे न्यायबुद्धीने ऐकले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. पीडित बहुतांशी हातावर पोट असलेले होते. कित्येकांजवळ कागदपत्र नव्हते, कित्येकांना श्वास पुरत नव्हता. दुसऱ्या बाजूला एक धनाढ्य अमेरिकन कंपनी उभी होती. दुर्घटनेनंतर थोड्याच दिवसांत अमेरिकेतील वकील भोपाळच्या गल्ल्यांत येऊन अंगठे घेऊ लागले होते. अशा वेळी सरकारने हात बांधून बसावे काय? खास नव्हे. संकटात सापडलेल्याच्या मदतीला धावणे हा शासनाचा धर्मच आहे, आणि अनेकांचे दावे एकत्र बांधून लढल्याने बळ वाढते, हेही खरे. परंतु मदत करणे वेगळे आणि जागा घेणे वेगळे. आंधळ्याचा हात धरून त्याला रस्ता ओलांडून देणारा मनुष्य पुण्यवान होय. पण त्याच कारणाने त्याच्या घराच्या किल्ल्या आपल्या कमरेला लावणारा पुण्यवान ठरत नाही.

या किल्ल्यांचे पुढे काय झाले, ते कागदोपत्री नोंदलेले आहे. सरकारने प्रथम न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. भारतातील न्यायालयांना हे काम झेपणार नाही, असा युक्तिवाद आपल्याच न्यायव्यवस्थेविरुद्ध तेथे केला. न्यायाधीश कीनन यांनी तो न मानता मे १९८६ मध्ये प्रकरण भारताकडे पाठवले. भोपाळच्या जिल्हा न्यायालयात सरकारने पुढे ३३० कोटी डॉलरांची मागणी मांडली. डिसेंबर १९८७ मध्ये जिल्हा न्यायाधीश देव यांनी ३५० कोटी रुपयांच्या अंतरिम भरपाईचा हुकूम दिला. उच्च न्यायालयाने तो आकडा २५० कोटींवर आणला. या अंतरिम रकमेवरची अपिले सर्वोच्च न्यायालयात चालली होती आणि मुख्य दाव्यात पुरावा व्हायचाच होता. अशा स्थितीत १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सारे प्रकरण ४७ कोटी डॉलरांवर मिटले. ही रक्कम मागणीच्या सुमारे एक सप्तमांश होती. त्याबरोबर फौजदारी खटलेही रद्द झाले. ज्यांच्या नावाने हा सौदा झाला, त्यांना तो आधी कोणी विचारला नव्हता.

त्याच वर्षी २२ डिसेंबरला, चरणलाल साहू यांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने मूळ कायदा घटनेला धरून असल्याचा निर्णय दिला. असहाय प्रजेच्या वतीने शासनाला पालकत्व पत्करता येते, हे त्या निर्णयाचे अधिष्ठान होते. या कारखान्याच्या कंपनीत सरकारच्या वित्तसंस्थांचे भाग आहेत आणि खुद्द सरकारच्या जबाबदारीचाही प्रश्न आहे, तेव्हा प्रतिवादीच्या बाकावर बसण्याजोगा मनुष्य वादीचा पालक कसा होतो, असा आक्षेप घेतला गेला होता. दुसरा कोणी समर्थ नसल्यामुळे आवश्यकतेपोटी हे चालेल, असे न्यायालयाने ठरवले. तडजोडीपूर्वी पीडितांना नोटीस द्यायला हवी होती, हे त्याने मान्य केले. परंतु मोठे हित साधताना क्वचित थोडे वावगे घडले तर ते क्षम्य असते, अशा आशयाचे उद्गारही काढले. आमच्या मते संपूर्ण प्रश्नाची मेख या एका वाक्यात आहे. हित कोणाचे, ते मोठे की लहान हे ठरवणार कोण, आणि वावगे सोसणार कोण? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच माणूस देत असेल, तर तक्रार नाही. येथे पहिल्या दोहोंचे उत्तर पालकाने दिले आणि सोसणे तेवढे पाल्याच्या वाट्याला आले.

आपल्या देवस्थानांच्या महाजनांना पालकत्वाचा कायदा निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. हिंदू कायद्यात देवता ही विधिदृष्ट्या व्यक्ती आहे. ती मालमत्तेची धनी होते, तिच्या नावाने दावा लागतो. मात्र ती अज्ञानासारखी मानलेली असल्याने तिचा कारभार वहिवाटदाराने पाहावयाचा असतो. पण या वहिवाटदारावर केवढी बंधने आहेत! १८५६ साली हनुमानप्रसाद पांडे यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाच्या इस्टेटीच्या कारभाऱ्यासाठी जी मर्यादा सांगितली, तीच पुढे देवस्थानाच्या कारभाऱ्यालाही लागू झाली. खरी निकड असल्यावाचून त्याला देवाची जमीन विकता येत नाही की गहाण टाकता येत नाही. तो देवाच्या हिताविरुद्ध वागू लागला, तर साधा भक्तदेखील देवाचा हितचिंतक म्हणून न्यायालयात उभा राहू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये राधावल्लभजींच्या प्रकरणात स्पष्ट केले. मूर्ती बोलत नाही, सही करीत नाही, तक्रार सांगत नाही. तरीही कायद्याने तिच्या पालकावर भक्तांचा पहारा ठेवला. भोपाळची माणसे बोलत होती, अंगठा उठवीत होती, रस्त्यावर येऊन ओरडत होती. त्यांच्या पालकाला मात्र त्यांना विचारल्यावाचून सौदा करता आला.

यावरून खऱ्या पालकत्वाच्या तीन कसोट्या सहज हाती लागतात. पहिली, पालकाचा स्वतःचा स्वार्थ त्या व्यवहारात गुंतलेला नसावा. दुसरी, त्याने हिशेब द्यावा आणि तो मागण्याचा हक्क पाल्याला किंवा त्याच्या हितचिंतकाला असावा. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, ते पालकत्व संपणारे असावे. मूल अठरा वर्षांचे झाले की पालनकर्त्याचा अधिकार आपोआप सरतो; आपले मूल लवकर शहाणे व्हावे, अशीच चांगल्या पालकाची इच्छा असते. शासनाच्या पालकत्वाला ही वयोमर्यादा नाही. त्याच्या लेखी नागरिक सत्तर वर्षांचा झाला, तरी अज्ञानच राहतो.

आणि हे ‘अज्ञान’ खरोखर कसे होते? भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटनेच्या झेंड्याखाली बुरख्यातल्या आणि पदरातल्या बाया वर्षानुवर्षे एकत्र बसत आल्या. त्यांचे नेते अब्दुल जब्बार यांनी २०१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत हे काम सोडले नाही. अशा संघटनांनी तडजोडीच्या फेरविचारासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. ३ ऑक्टोबर १९९१ च्या निर्णयाने पैशाची तडजोड कायम राहिली. पण रद्द झालेले फौजदारी खटले पुन्हा जिवंत झाले. जून २०१० मध्ये भोपाळच्या न्यायालयाने सात भारतीय अधिकाऱ्यांना दोषी ठरवले, ते त्यामुळेच. शिक्षा दोन वर्षांची होती, म्हणून तिला कोणी क्षुल्लक म्हणेल; तथापि पालकाने सोडून दिलेली गोष्ट पाल्याने परत मिळवली, हे विसरता येणार नाही.

पालकाचे पुढील वर्तनही पाहण्यासारखे आहे. पाच लाखांहून अधिक लोकांचे दावे मान्य झाले आणि जखमी ठरलेल्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला मूळ भरपाई म्हणून २५,००० रुपये आले. रक्कम अपुरी पडली, तर तूट केंद्र सरकारने भरून काढावी, असे १९९१ च्या निर्णयातच सांगितले होते. तडजोडीनंतर एकवीस वर्षांनी, २०१० मध्ये, सरकारच न्यायालयात गेले आणि आपण केलेली तडजोड अपुरी होती, कंपनीकडून आणखी रक्कम मिळावी, असे म्हणू लागले. १४ मार्च २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही याचिका फेटाळली, आणि पीडितांसाठी जो विमा उतरवावयाचा होता, तो सरकारने उतरवलाच नाही, याकडेही बोट दाखवले. पालकाचा निर्णय चुकला, हे पालकानेच कबूल केले. पण त्या चुकीची किंमत त्याच्या खिशातून गेली नाही.

शासनाच्या सत्तेची भीती म्हटली की आपल्याला तुरुंग आठवतो. तो आठवणेही रास्त आहे. २८ एप्रिल १९७६ रोजी याच मध्य प्रदेशातील जबलपूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले की आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्या माणसाला सुटकेसाठी न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात राहिले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो निर्णय चुकीचा ठरवला, तेव्हा त्यातील प्रमुख निकालपत्र त्यांचे चिरंजीव न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. तुरुंगाचा अन्याय अन्याय म्हणून ओळखू येतो, म्हणून तो सुधारण्यासही माणसे निघतात. घटनेची चव्वेचाळिसावी दुरुस्ती १९७८ साली झाली, ती याच ओळखीतून. दोन्ही प्रकरणांत हिरावले गेले ते एकच होते : आपले गाऱ्हाणे आपण न्यायालयापुढे नेण्याचा हक्क. १९७६ मध्ये तो रागाने काढून घेतला गेला, १९८५ मध्ये करुणेने. रागावलेल्या सत्तेशी माणूस झगडतो. डोक्यावरून हात फिरवणाऱ्या सत्तेपुढे तो मान लववतो, आणि पुष्कळदा मान वर करण्याचे विसरतो.

हा धोका जुन्या विचारवंतांना दिसला नव्हता असे नाही. फ्रेंच लेखक तोकव्हील याने १८४० सालीच सांगून ठेवले की लोकशाहीतली जुलमी सत्ता क्रूर असणार नाही, ती सौम्य आणि पालकासारखी असेल, मात्र प्रजेला कायमचे बालपणात ठेवील. महात्मा गांधींनी १९३४ मध्ये असे म्हटले होते की शासनाच्या वाढत्या सत्तेकडे आपण अतिशय भीतीने पाहतो, कारण वरवर ती शोषण कमी करताना दिसते, पण माणसाचे व्यक्तित्व नष्ट करते. आपल्याकडे आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर यांच्या विचारांवर पोसलेली लेखणी रूढीच्या पालकत्वाविरुद्ध चालवली. आगरकरांची सगळी मते आपल्या वाचकांना मान्य होतील असे नाही. परंतु ज्याच्या जिवाला झळ लागते, त्याच्या संमतीला मोल असले पाहिजे, हे त्यांचे सूत्र नाकारणे कठीण आहे.

यावर कोणी विचारील की व्यक्तिस्वातंत्र्याचा हा कैवार अखेर कारखानदारांच्याच पथ्यावर पडणार नाही काय? सरकार दूर झाले म्हणजे बळी तो कान पिळी असेच होईल! भोपाळच्या प्रकरणाने या शंकेचे उत्तर दिले आहे. स्वातंत्र्य म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणात विष सोडण्याची मोकळीक नव्हे. ज्याने इजा केली त्याने ती भरून द्यावी, हा स्वातंत्र्याचा पहिला करार आहे, आणि तो पाळावयास लावण्याचे दुर्बळाजवळचे एकमेव हत्यार म्हणजे त्याचा दावा. कंपनीला लाखो लहान वादींशी झुंजण्यापेक्षा एकाच मोठ्या पालकाशी बोलणी करणे सोयीचे वाटले असल्यास नवल नाही. तेव्हा सत्ता एका हाती एकवटल्याने बलिष्ठाचे नुकसानच होते, हा समज टाकून दिलेला बरा.

शासनाने पीडिताला पैसा द्यावा, वकील द्यावा, डॉक्टर द्यावा, त्याचे कागद गोळा करून द्यावेत. यातले काहीही केल्याने कोणाचे स्वातंत्र्य कमी होत नाही. मात्र वकीलपत्रावरची सही त्या माणसाची असावी, आणि ते फाडण्याचा अधिकारही त्याच्यापाशीच असावा. पुढच्या एखाद्या संकटात सरकार जेव्हा ‘आम्ही तुमचे मायबाप’ म्हणत पुढे येईल, तेव्हा मदतीसाठी त्याचे आभार मानावेत आणि मग नम्रपणे विचारावे : महाराज, आमच्या देवाच्या वहिवाटदाराला जेवढा हिशेब द्यावा लागतो, तेवढा आपण आम्हाला देणार आहात ना?