चहाचे ऋण

बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर पडू न देणारे, तिच्या खाटेखाली शेगडी सरकवणारे, आळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू यांची तजवीज करणारे जे बळ आपल्याकडे आई, मावशी, शेजारीण आणि तेल लावायला येणारी बाई अशा चौघींत वाटलेले असते, ते टोरोंटोच्या पूर्व अंगास असलेल्या स्कारबरोत एका बाईच्या आणि तिच्या दोन पाळ्यांत काम करणाऱ्या नवऱ्याच्या वाट्यास येते. आईचा व्हिसा वेळेवर हाती पडला नाही, बाहेर गुडघाभर बर्फ साचले, आणि मार्कम रस्त्यावरील एखाद्या इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर रडणारे मूल व रडणे विसरलेली आई अशी दोघेच उरली, म्हणजे शेजारधर्म या शब्दाने आपल्या आयुष्यात केवढी जागा व्यापली होती ते उमगते. या गावाचे नावही घरच्या आठवणीतूनच आले आहे. लेफ्टनंट गव्हर्नर सिम्को यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना १७९३ साली सरोवरकाठचे पांढुरके कडे पाहून इंग्लंडातील स्कारबरो आठवले, आणि तेच नाव येथे रुजले.

अशा घरी आठवड्यातून एकदा, दोन तास, कोणी परकी बाई विनावेतन येऊन बसते. मुलाला मांडीवर घेते, दूधबाटल्या विसळते, आईला निवांत स्नान करू देते. १९७३ साली इंग्लंडातील लेस्टर येथे मार्गारेट हॅरिसन यांनी ‘होम-स्टार्ट’ या नावाने या कल्पनेस व्यवस्थित रूप दिले. स्कारबरोत सार्वजनिक आरोग्य खात्याच्या बाळ-बाळंतिणींसाठी असलेल्या योजनेत पगारी परिचारिका व गृहभेटी देणाऱ्या बाया हेच काम निराळ्या अंगाने करतात. गृहभेटीने लाभ होतो की नाही, हा वाद आता फारसा उरलेला नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना शिकवून घरोघर नवजातांची देखभाल करविली, आणि तेथील अर्भकमृत्यू किती घटले याचा दाखला १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. माझा प्रश्न लाभाचा नसून धर्माचा आहे: परक्याच्या घरी साहाय्य घेऊन जाणारा मनुष्य त्या घरात नेमका कोण असतो?

दाता, असे उत्तर सहज सुचते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना जो परतफेड करणार नाही अशास दिलेले दान श्रेष्ठ मानले आहे, आणि स्वयंसेवक या कसोटीस पुरेपूर उतरतो. परंतु मला येथे नेहमी थोडे अडखळल्यासारखे होते. कारण या लक्षणाने देणाऱ्याचे चित्त शुद्ध होत असले, तरी घेणारा, ज्याच्याकडून काहीच अपेक्षित नाही असा मनुष्य म्हणून, त्या व्यवहारात कायमचा खाली बसविला जातो. ज्याच्याकडून परतफेडीची आशाही कोणी करीत नाही, त्याची दीनता पुरी झाली.

शतपथ ब्राह्मणातील ऋणविचार मला या प्रसंगी अधिक उपयोगी वाटतो. मनुष्य जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणको असतो हे सर्वश्रुत आहे. तेथे मनुष्यांचे म्हणून चौथे ऋण सांगितले असून, आल्यागेल्यास आसरा व अन्न देऊन ते फेडावयाचे असते. स्मृतिकारांनी यासच नृयज्ञ म्हटले. ही दृष्टी स्वीकारली की चित्र उलटे होते: दार उघडणारी बाई ही यजमान, येणारी ही अतिथी, आणि यजमानिणीस आपले ऋण फेडण्याची संधी देणे हे अतिथीचे कर्तव्य. (दर मंगळवारी दहा वाजता वेळ ठरवून येणाऱ्यास, तिथी नसलेला तो अतिथी, ही व्युत्पत्ती लागू पडते काय, हा शास्त्रार्थ मी वैयाकरणांवर सोपवतो.)

अडचण अशी की गृहभेटीच्या परंपरेत अतिथीच्या पायांत पाय घालून तपासनीसही चालत आलेला आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये ओझानाम या तरुण विद्यार्थ्याने सोबत्यांसह दरिद्री कुटुंबांच्या घरी जाण्यास आरंभ केला तो ख्रिस्ताच्या भक्तीने. पण त्याच शतकात पुढे अनेक धर्मादाय मंडळींच्या भेटी, मदतीस हे कुटुंब पात्र आहे काय, कोठीत दारू लपविली आहे काय, याचा शोध घेण्याकडे झुकल्या. टोरोंटोत केल्सो या पत्रकाराच्या खटपटीने १८९१ साली बालकांच्या संरक्षणासाठी संस्था उभी राहिली, आणि ओंटारिओच्या २०१७ च्या कायद्यानुसार मुलाला धोका असल्याचा सकारण संशय आल्यास तो कळविणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. स्वयंसेविकेसही त्यातून मुभा नाही. मला या कायद्यास हरकत घ्यावीशी वाटत नाही, कारण पाळण्यातल्या जिवास स्वतःची तक्रार मांडता येत नाही. मात्र सरकारचा डोळा पदराआड घेऊन घरात शिरणे हा अतिथिधर्माचा भंग होय. आपल्यावर हे बंधन आहे, हे पहिल्याच दिवशी, चपला काढण्यापूर्वी, स्पष्ट सांगून टाकणे एवढाच त्यावर प्रामाणिक उपाय मला दिसतो. त्यामुळे काही दारे मिटतील. मिटोत, फसवून उघडलेल्या दारापेक्षा ती बरी.

उरतो तो चहाचा प्रश्न, आणि तो मी क्षुल्लक मानीत नाही. कुटुंबांकडून भेटवस्तू घेऊ नयेत असा अशा कामांत शिरस्ता असतो, तो रास्तही आहे. परंतु कित्येक सज्जन माणसे त्याच्या आडोशाने पाण्याचा पेलाही नाकारतात, आणि आपण कोणास त्रास दिला नाही या समाधानात घरी जातात. माझ्या परिचयाच्या एक वयस्क बाई स्कारबरोत अशा भेटी देत. एका मराठी घरी पहिल्या दोन खेपांस त्यांनी ‘नको, उगीच कशाला’ म्हणून चहा टाळला, सारे काम उरकले, भांडी घासली, आणि ती तरुण आई खिडकीजवळच्या खुर्चीतून हलली नाही की एक शब्द बोलली नाही. तिसऱ्या खेपेस, बाहेरच्या थंडीने बोटे बधिर झालेली असताना, बाईंनी दारातूनच विचारले, ‘अगं, घोटभर चहा मिळेल का?’ ती उठली. आधण ठेवले, आले किसले, दुधाचा डबा शोधण्यात बराच वेळ घालवला, आणि ओट्याकडे तोंड करून, पाठमोरीच, तिने त्या तीन आठवड्यांतला पहिला प्रश्न विचारला: ‘काकू, साखर किती घालू?’