वहीत न लिहिलेले देणे

घरात कर्ज झाले की आधी कोणाचे फेडावे? हा प्रश्न आपण हिशेबाचा समजतो. ज्याचा हप्ता चुकला की माणूस दारात येऊन उभा राहतो, त्याचे आधी. जो गल्लीत भेटला की नजर चुकवावी लागते, त्याचे नंतर. आणि जो कधी विषयच काढत नाही त्याचे सगळ्यात शेवटी, किंवा कधीच नाही. आम्हीही असेच केले. करत असताना आपण फार सचोटीने वागतो आहोत, अशी आमची पक्की समजूत होती.

२०१६ साली आमची अम्मी आजारी पडली. विजापूर वेशीजवळचे आमचे तीन खोल्यांचे घर; आमची पगाराची नोकरी, पण पगार बेताचा; बायको घरी शिलाईवर शाळेचे गणवेश शिवायची. सोलापुरात हे काम घरोघर चालते. अम्मी सात महिने काढून गेली आणि मागे कर्ज राहिले. पतसंस्थेचे साठ हजार, गटाचे चाळीस हजार, किराणा दुकानाची अकरा हजार उधारी. एक लाख अकरा हजार. चाळिसावा झाल्यावर आम्ही दोनशे पानी वही आणली, पहिल्या पानावर तीन नावे लिहिली आणि प्रत्येकापुढे आकडा घातला.

मग काटकसर सुरू झाली. ती कशी असते हे आमच्या वाचकांना सांगायला नको. तेलाचा डबा बंद, सुटे तेल सुरू. मटण महिन्यातून एकदा. दोन्ही ईदचे नवे कपडे फक्त पोरांना. बायको रोज भात टाकताना मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात काढायची. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तो डबा उघडायचा. गल्लीतल्या बायकांची भिशी होती, तिची उचल मिळाली तेव्हा तिने कानातले केले नाही, किराण्याची उधारी मिटवली. गटाचा हप्ता मंगळवारी असे. सोमवारी रात्री आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

सव्वादोन वर्षांनी तिन्ही नावांवर काट मारली. त्या दिवशी आम्ही बुंदी आणली होती.

छोट्या बचतीला नाक मुरडणारे लोक आहेत. गरिबाला बचत शिकवणे म्हणजे उपाशाला उपवास शिकवणे, असे ते म्हणतात. यात खरे पुष्कळ आहे. पण याच शहरात विडी वळणाऱ्या बायकांनी आपल्या वाट्याचे पैसे जमवले आणि २००६ साली कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाच्या वसाहतीत दहा हजार घरे उभी राहिली. त्यामागे नरसय्या आडम मास्तरांची लढाऊ संघटना होती, सरकारचा पैसा होता, नुसती काटकसर नव्हती, हे विसरून चालणार नाही. तरी बायकांचा वाटा हजार विड्यांच्या मजुरीतूनच आला होता. तेव्हा बचतीवर आमचा राग नाही. आमचा प्रश्न वहीचा आहे. वहीत कोणते देणे लिहायचे, हे कोण ठरवतो?

कारण बुंदी खाता खाता बायको म्हणाली, “आपाच्या बांगड्या कुठं लिहिल्यात?”

कुठेच लिहिल्या नव्हत्या. दवाखान्याने पैसे भरा म्हटले त्या दुपारी आपाने, आमच्या थोरल्या बहिणीने, हातातल्या दोन बांगड्या उतरवून दिल्या होत्या. अम्मीच्या लग्नातल्या त्या बांगड्या, अम्मीनेच तिला घातलेल्या. सराफाने साठ हजारांच्या आसपास दिले. परत करू असे आम्ही म्हणालो होतो. ती म्हणाली होती, “घरकाच तो है, किदर जाता?” त्या एका वाक्यावर आम्ही ते देणे देण्यांतून काढून टाकले होते. मुद्दाम नव्हे. वही आणली तेव्हा ते आठवलेही नाही. आणि आठवले नाही हीच गोष्ट जास्त वाईट वाटते.

कागदावर नसलेले देणे दिसत नाही, ही सोय जुनी आहे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले. त्यानंतर १८७९ चा कायदा आला, तो पुणे, नगर, साताऱ्याबरोबर आमच्या सोलापूर जिल्ह्यालाही लागू होता. त्याने कोर्टाला एक अधिकार दिला : रोख्यावर काय लिहिले आहे तिथे न थांबता मूळ व्यवहार काय होता हे तपासायचे. तो कायदा ऋणकोच्या बचावासाठी होता. आमच्या घरात गरज उलटी होती. इथे रोखाच नव्हता, आणि धनको गप्प होता.

पुढे सरकारी नजरही घरखर्चाकडे वळली. इथल्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची पाहणी मुंबईच्या लेबर ऑफिसने केली, तिचा अहवाल १९२८ साली निघाला. अलीकडे २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की छोट्या कर्जांच्या बाबतीत घरातल्या सगळ्या हप्त्यांची बेरीज महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नये. नियम चांगला आहे. आमच्या वेळी असता तर सोमवारच्या रात्री बऱ्या गेल्या असत्या. पण बहिणीच्या बांगड्या कोणत्याच बेरजेत येत नाहीत.

कुराणातली सर्वांत लांब आयत नमाजेबद्दल नाही, रोज्याबद्दलही नाही. देणेघेणे लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, यासंबंधी ती आहे. कर्ज ठेवून गेलेल्या माणसाच्या जनाज्याची नमाज पढवायला पैगंबरसाहेब थांबले आणि कोणी ते देणे आपल्या अंगावर घेतल्यावरच पुढे झाले, ही रिवायत आपण लहानपणापासून ऐकतो. व्याज हराम की नाही यावर आमच्या मोहल्ल्यात तासन्‌तास वाद होतात. बिनव्याजी देणाऱ्याला मात्र आपण कसे वागवतो, यावर वाद सोडाच, साधे बोलणे होत नाही. व्याज मागणाऱ्याला तारखेला हप्ता. कर्ज-ए-हसना देणाऱ्याला दुवा!

मेहरचेही तसेच. निकाहच्या मजलिशीत सगळ्यांसमोर रक्कम ठरते, काझीच्या रजिस्टरात चढते. हे तरी लिहिलेले देणे. कायद्याने नवऱ्यावरचे ते कर्जच आहे. विधवेला ते मिळेपर्यंत ताब्यातली मिळकत धरून ठेवता येते. आणि तरी मयत दारात असताना रडणाऱ्या बाईला चार बायका म्हणतात, “मेहर माफ कर दे.” ती मान हलवते. अशा वेळी कोण नाही म्हणेल? याला माफी म्हणायची का, हा प्रश्न आम्ही एका मौलवीसाहेबांना विचारला. ते म्हणाले, राजीखुशीने असेल तर माफी. राजीखुशी कशी ओळखायची, हे विचारायचे आमचे धाडस झाले नाही.

आपाचे देणे आता तरी द्यायचे, असे २०१९ मध्ये ठरले. पण गळ्याशी कोणी लागलेले नव्हते. पोराची फी आली, पुढे लॉकडाऊन आला, वर्षे गेली. या काळात सोन्याने काय केले ते सर्वांना माहीत आहे. २०२५ साली दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेला. आता आपाला साठ हजार दिले तर आपण कर्ज फेडले, की तिच्या गप्प बसण्यावर नफा काढला? धाकटा भाऊ म्हणतो, विकल्या तेव्हा साठ आले, साठ द्या. वर दिले तर ते व्याजच होईल. युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण आपाने रुपये दिले नव्हते, सोने दिले होते. आणि जे तोलून घेतले ते तोलूनच परत करावे, असा आपल्याकडचा जुना दंडक आहे.

बरे, तोलायचे कशाने? सराफाचा आजचा तोळा दहा ग्रॅमचा. अम्मीचे लग्न १९५७ चे, तेव्हाचा तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर. दोन तोळ्यांत सव्वातीन ग्रॅमचा फरक पडतो. भावाला ही घासाघीस हास्यास्पद वाटली. बायको म्हणाली, “किराण्याच्या उधारीत आपण पंधरा रुपयांसाठी भांडलो होतो.”

नव्या वहीत आपाचे नाव लिहिले, पुढे रुपये नाहीत, सव्वातेवीस ग्रॅम. तेलाचा डबा पुन्हा बंद आहे. काटकसरीचा भार या वेळीही बायकोवरच पडला आहे, हे लिहिताना लाज वाटते. तिच्या तांदळाच्या मुठी कोणत्या वहीत लिहायच्या हे आम्हाला अजून सुचलेले नाही. पहिल्या पाच महिन्यांत दोन ग्रॅम झाले. ते नाणे घेऊन आम्ही आपाकडे गेलो. तिने नको नको म्हटले, मग डोळे पुसले, मग नाणे पदरात बांधले. चहा झाला. आम्ही निघालो तेव्हा दारापाशी येऊन, आमच्याकडे न बघता ती हळूच म्हणाली,

“और घरका?”

अब्बा गेल्यावर हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली, तेव्हाही ती काही बोलली नव्हती. दोन भाऊ, एक बहीण. शरियतप्रमाणे पाचांतला एक हिस्सा तिचा. परतताना रिक्षात आम्ही दोघे नवराबायको गप्प होतो. वही बायकोच्या पिशवीत होती.