कर्तेपणाचा हिशेब

ग्रंथकाराने आपला ग्रंथ आपणच छापावा, आपणच बांधावा आणि त्याला गिऱ्हाईकही आपणच शोधावे, याकडे आपल्या विद्वज्जनांची दृष्टी बहुधा उपहासाचीच असते. ज्याचे हस्तलिखित कोणी मंजूर करीत नाही तो पदरमोड करून हौस भागवितो, असा त्या उपहासाचा मथितार्थ. धर्मदृष्टीने निघणारा आक्षेप मात्र याहून विचारार्ह आहे. मनुष्याचा अधिकार कर्मावर, फळावर नव्हे, असे गीता सांगते. मग लेखन हेच ज्याचे कर्म, त्याने छपाई, विक्री आणि जमाखर्च यांत हात घालणे म्हणजे फळामागे धावणे नव्हे काय?

या प्रश्नाचा निवाडा नुसत्या तर्काने करण्यापेक्षा एका खऱ्या उदाहरणावरून केलेला बरा. व्हर्जिनिया वुल्फ या आंग्ल लेखिकेची पहिली कादंबरी १९१५ साली निघाली ती तिच्या सावत्र भावाच्या प्रकाशनसंस्थेतून. आपले लिखाण परक्याच्या पसंतीस उतरेल की नाही, या धास्तीने ती नेहमीच पोळत असे, आणि त्या वर्षांत मानसिक व्याधीनेही तिला ग्रासले होते. मनाला विसावा देणारे काही हातकाम असावे, या हेतूने १९१७ च्या मार्चमध्ये तिने आणि तिचा पती लेनर्ड याने सुमारे एकोणीस पौंडांना एक लहानसे हातयंत्र विकत घेतले. मुद्रणशाळेचे दार उमेदवार कामगारांखेरीज इतरांना बंद होते, म्हणून यंत्रासोबत आलेल्या माहितीपुस्तिकेवरच दोघे शिकली, आणि रिचमंड येथील हॉगार्थ हाउसमधील जेवणघरात छापखाना उभा राहिला.

लेनर्डच्या हाताला कंप असल्यामुळे खिळे जुळविण्याचे काम व्हर्जिनियाकडे आले आणि यंत्र ओढण्याचे त्याच्याकडे. खिळ्यांचा साठा बेताचा, त्यामुळे थोडी पाने जुळवावी, छापावी, आणि मग तेच खिळे सोडवून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकावे, असा क्रम चाले. जी वाक्ये रात्रंदिवस घोळवून लिहिली, ती आता उलट्या अक्षरांत, एकेक खिळा चिमटीत धरून, आपल्याच हातांनी उभी करावयाची आणि कागदावर ठसा उमटताच आपल्याच हातांनी मोडावयाची. आपल्या शब्दाविषयीचा मोह उतरविण्यास याहून कठोर साधना कोणत्या मठात मिळेल, हे मला ठाऊक नाही. जुलै १९१७ मध्ये दोघांची एकेक कथा असलेले त्यांचे पहिले पुस्तक निघाले. त्याच्या प्रती १५०, आणि शिलाईही घरचीच.

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि पाचवे दैव, आणि जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला यथार्थ दिसत नाही, असेही तेथेच म्हटले आहे. ज्या लेखकाचे हस्तलिखित टपालाने जाते आणि बांधीव पुस्तक होऊन परत येते, त्याला या पाचांपैकी एकच कारण दिसते, ते म्हणजे तो स्वतः. जेवणघर हे अधिष्ठान, यंत्र हे करण, चुकीचे जुळलेले अक्षर शोधण्यात गेलेली दुपार ही चेष्टा. हे सारे ज्याच्या अंगावर पडते त्याला कर्तेपणाचा सगळा मक्ता आपल्याकडे नाही, याचा बोध आपोआप होतो. आणि दैव? १९१९ साली व्हर्जिनियाची ‘क्यू गार्डन्स’ ही कथा छापली, तेव्हा प्रारंभी खप अगदी मंद होता. मग एका नियतकालिकात अनुकूल अभिप्राय आला, आणि बाहेरगावाहून परतलेल्या या जोडप्याला घरात मागणीपत्रांचा ढीग आढळला. अक्षर तेच, कागद तोच. फिरले ते पाचवे कारण.

म्हणून छपाईला फळ म्हणणे मला पटत नाही. ती कर्माचेच एक अंग आहे. फळ म्हणजे वाचकाच्या मनात पुढे जे घडते ते, आणि त्यावर मालकी ना प्रकाशकाची, ना लेखकाची. १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढून हरि नारायण आपट्यांनी आपल्या कादंबऱ्या हप्त्याहप्त्याने लोकांपुढे ठेवल्या, तेव्हा त्यांनीही हेच अंग स्वीकारले. निवाडा करणारा मध्यस्थ दूर झाला म्हणजे निवाडा टळतो असे नाही. तो आपल्या शिरावर येतो, आणि न खपलेल्या प्रती व राहून गेलेले मुद्रणदोष यांचे खापर फोडावयास दुसऱ्याचे डोके उरत नाही. ही जबाबदारी जो हिशेबाने पेलतो त्याचे स्वप्रकाशन स्वधर्माचे. जो केवळ नाव झळकविण्यासाठी छापतो त्याचे अहंकाराचे. फरक छापखान्याच्या मालकीत नसून छापणाऱ्याच्या वृत्तीत आहे.

स्वतःच्या संस्थेतून निघालेली व्हर्जिनियाची पहिली कादंबरी ‘जेकब्स रूम’, साल १९२२. तिला स्वाधीनतेची कादंबरी म्हणता येईल. पण हातयंत्रावर एवढे मोठे पुस्तक होणे नव्हते. वेष्टनाचे चित्र तिच्या बहिणीने काढले, आणि पुस्तक छापले एडिंबरोच्या एका छापखान्यातील अनोळखी कामगारांनी.